स्पेस स्टेशन चार मिनिटं उशिरा आलं, असं का झालं? (राजहंसगडाच्या माळावरून)

माळमुरूम | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे खरं पूर्ण वाचा आणि कुणाला कळत असेल तर सांगा.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन) काम करतो, गाव राजहंसगडाच्या पायथ्याला. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर जाऊन आले तवापासनं आमच्या गल्लीतली पोरं एकच विचारूलालीत, "मामा, ते आपल्या गावावरनं जातंय काय?" जातंय की. म्हणून मी लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम घेतला, त्यात बेळगावचे अक्षांश रेखांश घातले (१५.८५ उत्तर, ७४.५ पूर्व), स्टेशनचे आकडे डाउनलोड केले आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या वेळा एका कागदावर लिहून देवळाच्या फळ्यावर लावल्या. पोरं मराठी शाळेतली, ॲप सगळी इंग्लिशमधली, म्हणून दिशा वगैरे नैऋत्य ईशान्य अशा मराठीतच लिहिल्या.

काल शनिवारची वेळ सगळ्यात चांगली होती. संध्याकाळी ७:०८ ला नैऋत्येला उगवणार, ८५ अंशावरनं म्हणजे जवळजवळ डोक्यावरनं जाणार. चाळीसेक माणसं माळावर जमली, दोन आज्ज्या शाली गुंडाळून आलेल्या. ७:०८ झाले, ७:०९, ७:१०, काही नाही. लोकांची म्हशीची धार राहिलेली, स्वयंपाक राहिलेला, एकेक करून उठून गेले. ७:१२ ला आलं! तवा मी आणि आठ पोरं होतो फक्त. आणि आलं तेपण डोक्यावरनं नाही, थोडं वायव्येकडं कलून, माझ्या अंदाजानं ७०-७५ अंश. पुढं ईशान्येला आभाळाच्या मधेच हळूहळू तांबूस होऊन विझलं.

मला तीन गोष्टी कळल्या नाहीत. चार मिनिटं उशीर कसा? वाट कशी सरकली? मधेच विझलं कसं? घड्याळ मोबाइलचं होतं, त्यात चूक नाही. त्या आज्ज्या थंडीत उभ्या राहिल्या आणि न बघता गेल्या हे माझ्या डोक्यातनं जाईना झालंय.

खानापूर_लालमाती | रविवार, रात्री ११:०५

आमच्याकडं झाडीमुळं वीस अंशाच्या खालचं काहीच दिसत नाही त्यामुळं मला वाटायचं की मलाच उशिरा दिसतंय. वाचतोय.

रेडिओवाला_अनगोळ | रविवार, रात्री ११:३०

माळमुरूम, आधी एक सांगा, ते आकडे कुठल्या दिवशी डाउनलोड केलेले? कागद लावला त्या दिवशीचे की काल परत घेतलेले?

माळमुरूम | रविवार, रात्री ११:४२

कागद लावला त्या दिवशीचेच. काल धरून तेरा दिवस झाले. एकदा घेतले की झालं असंच मला वाटलं, कक्षा म्हणजे कक्षा, ती काय बदलणार.

रेडिओवाला_अनगोळ | सोमवार, सकाळी ७:१५

तिथंच गाठ आहे. कामावर जायच्या आधी सविस्तर लिहितो.

तुम्ही जे आकडे घेतले त्याला टीएलई म्हणतात, दोन ओळींचे असतात. पहिल्या ओळीत स्टेशनचा नंबर २५५४४, आकडे कुठल्या क्षणाचे आहेत ती तारीख वेळ, आणि हवेचा अडथळा किती लागतो त्याचा एक आकडा. दुसऱ्या ओळीत कक्षा विषुववृत्ताशी किती तिरकी आहे (५१.६ अंश), कुठल्या दिशेला वळलेली आहे, किती लांबट आहे, त्या क्षणी स्टेशन कक्षेत नेमकं कुठं होतं, आणि शेवटी दिवसाला किती फेऱ्या मारतं (साडेपंधराच्या आसपास). अमेरिकेच्या लष्कराचं रडारांचं जाळं असल्या हजारो वस्तूंवर नजर ठेवून हे आकडे काढतं. आपल्याकडं इस्रोचंपण श्रीहरिकोट्याला मोठं रडार आहे, एकाच वेळी बऱ्याच वस्तूंचा माग काढणारं, आणि स्वतःच्या उपग्रहांवर बेंगळुरूच्या इस्ट्रॅक या इस्रोच्याच केंद्राचं लक्ष असतं, त्यांची स्टेशनं लखनौ, पोर्ट ब्लेअर पासून मॉरिशसपर्यंत आहेत.

खरं मुद्दा असा की हे आकडे म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल नव्हे. मोजलेल्या क्षणी त्यात साधारण किलोमीटरभराचीच चूक असते, तिथनं पुढं रोज एखाद दोन किलोमीटरनं चूक वाढत जाते. स्टेशन सेकंदाला साडेसात किलोमीटरच्यावर पळतंय, म्हणजे तेरा दिवसांत नुसत्या शिळ्या आकड्यांनी तुम्ही काही सेकंद चुकला असता. चार मिनिटं नाही. चार मिनिटांना दुसरं कारण पाहिजे आणि मला वाटतंय मधे स्टेशनला वर ढकललेलं असणार. जुनी दुसरी ओळ आहे काय तुमच्याकडं? तिचा शेवटचा आकडा आणि आजच्या ओळीचा शेवटचा आकडा इथं टाका.

माळमुरूम | सोमवार, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत बघितलं. जुन्या ओळीत दिवसाला १५.४९८ फेऱ्या, आजच्या ओळीत १५.४९३. एवढाच फरक आहे, एका फेरीच्या हजार भागातले पाच. यानं चार मिनिटं होतील?

रेडिओवाला_अनगोळ | सोमवार, रात्री ९:१०

होतील. कागद घेऊन बसा.

दिवसाला १५.४९८ फेऱ्या म्हणजे एक फेरी ५५७५ सेकंदांची. १५.४९३ झाल्यावर एक फेरी साधारण पावणेदोन सेकंदांनी लांबली. दिवसाला साडेपंधरा फेऱ्या, म्हणजे दिवसाला २८ सेकंद उशीर. आठ साडेआठ दिवसांत झाली की चार मिनिटं! तुमचा कागद लावून चार पाच दिवस झाले असतील तवा इंजिन चालवून स्टेशन दीडेक किलोमीटर वर ढकललं असणार. ४२० किलोमीटर उंचीवर दीड किलोमीटर म्हणजे काय, काहीच नाही, खरं साचत जातंय ना ते.

तुमचा दुसरा प्रश्न पण त्यातच सुटला. स्टेशनची वाट आभाळात जागच्या जागी असते, खालनं पृथ्वी फिरते. चार मिनिटांत पृथ्वी एक अंश पूर्वेला फिरली, आपल्या अक्षांशावर तो एक अंश म्हणजे १०७ किलोमीटर. त्यामुळं वाट तुमच्यापासनं तेवढी पश्चिमेला पडली, आणि तिरकी असल्यामुळं काटकोनात मोजली तर ८५ किलोमीटर वायव्येला. ८५ अंशाचे ७४ अंश झाले. तुम्ही डोळ्यानं ७०-७५ म्हणालात! लेथवाल्याचा डोळा आहे तुमचा.

शहापूरची_सून | सोमवार, रात्री ९:४५

माझा एक प्रश्न, बावळट वाटला तर वाटू दे. वर ढकललं म्हणजे जोर लावला ना? मग ते लवकर यायला पाहिजे, उशीर कसा?

निपाणीचा_वारा | सोमवार, रात्री १०:०२

ताई, बावळट अजिबात नाही, यातच सगळी गंमत आहे. मी निपाणीत अकरावी बारावीचं फिजिक्स शिकवतो आणि वर्गात दरवर्षी इथंच पोरं अडतात.

जितकं वर तितकं पृथ्वीचं ओढणं कमी, त्यामुळं वेगपण कमी लागतो, आणि वर्तुळपण मोठं. ४०० किलोमीटरवर एक फेरी ९२-९३ मिनिटांत होते, ८०० किलोमीटरवर १०१ मिनिटं लागतात, आणि टीव्हीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात त्यांना एक फेरीला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो म्हणून ते जागेवर उभे दिसतात आणि आपली डिश हलवावी लागत नाही. म्हणजे इंजिन लावून पुढं ढकलाल तर स्टेशन वर जातं आणि वर गेल्यावर ते हळू होतं.

आणि उलटंपण खरं. तिथं ४०० किलोमीटरवर अगदी विरळ हवा आहे अजून, ती स्टेशनला घासत राहते. घासल्यामुळं ते खाली येतं, खाली आल्यावर वेग वाढतो, आणि ठरल्यापेक्षा आधी येतं. हवेचा ब्रेक लागून गाडी जोरात पळते, हे मनाला पटायला मला स्वतःला कॉलेजात दोन दिवस लागलेले. म्हणून नुसता शिळा कागद असेल, मधे ढकललं नसेल आणि हवा धरल्यापेक्षा जास्त घासली असेल तर चूक "आधी आलं" अशी होते. माळमुरूम यांचं उशिरा आलं यावरनंच अनगोळकरांनी ओळखलं असणार की कुणीतरी ढकललंय.

घटप्रभाकाठ | मंगळवार, सकाळी ६:५०

ही हवा सारखी बदलतीय हे पण सांगा की सर. सूर्यावर वादळ झालं की वरची हवा तापून फुगते आणि अडथळा वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह एकदम सोडलेले, सोडल्यावर खालच्याच कक्षेत होते, दुसऱ्याच दिवशी चुंबकीय वादळ आलं आणि त्यातले चाळीसच्या आसपास हवेत घासून खाली येऊन जळून गेले.

शहापूरची_सून | मंगळवार, सकाळी ११:३०

आता कळलं. आमच्या सासऱ्यांना वाचून दाखवलं तर ते एकदम स्कायलॅबवर (अमेरिकेचं जुनं स्पेस स्टेशन) आले. त्यांचं सांगणं जसंच्या तसं टाकते:

"१९७९ सालचा जुलै. पाऊस धो धो. रेडिओवर रोज सांगायचे की अमेरिकेचं स्कायलॅब पडणार, कुठं पडणार ते सांगता येईना. विणायला मागावर बसलं तरी ध्यान वर. आमच्या गल्लीत कुणी शेतातनं लवकर परत येऊलालं, कुणी देवाला नारळ बोलून ठेवलेला. आई म्हणाली पडायचंच असेल तर सगळे घरात एकत्र असू दे. ११ तारखेला पडलं ते ऑस्ट्रेलियात. मग मला प्रश्न पडलेला की माणसानं चंद्रावर पाय ठेवला आणि आपलंच सोडलेलं घर कुठं पडणार ते सांगता येत नाही, असं कसं?"

तेव्हापासनं ४६ वर्षं हा प्रश्न त्यांच्याजवळ होता. निपाणीच्या सरांनी हवेचं लिहिलंय ते वाचल्यावर म्हणाले, "म्हणजे हवा मोजता येईना, म्हणून."

निपाणीचा_वारा | मंगळवार, रात्री ८:२०

त्यांना माझा नमस्कार सांगा. अगदी बरोबर आहे त्यांचं. सूर्य तेव्हा अपेक्षेपेक्षा जास्त तापट निघाला, वरची हवा फुगली आणि स्कायलॅब ठरवल्याच्या कितीतरी आधी खाली आलं. ७७ टनांची वस्तू होती. शेवटच्या दिवसातसुद्धा वेळेत अर्ध्या तासाची चूक म्हणजे जमिनीवर तेरा हजार किलोमीटर, मग कुठल्या गावावर पडणार ते कोण सांगणार.

माळमुरूम | मंगळवार, रात्री ९:५५

सगळं दोनदोनदा वाचलं. आमच्या कामाच्या भाषेत सांगतो, मला असं कळलं. सीएनसीवर जॉब लावला की टूलचा ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, भरतो. टूल झिजत जातं, डोळ्याला दिसत नाही. दर थोड्या जॉबमागं मायक्रोमीटर लावून मोजायचं आणि ऑफसेट बदलायचा, नाहीतर प्रोग्रॅम तोच, मशीन तेच, खरं शंभरावा जॉब रिजेक्ट. मी तेरा दिवस जुना ऑफसेट ठेवून जॉब काढला. त्यात मधे कुणीतरी टूलच बदललेलं.

आता तिसरा प्रश्न राहिला, विझलं कसं?

रेडिओवाला_अनगोळ | मंगळवार, रात्री १०:३०

ऑफसेटचं उदाहरण मी आता सगळ्यांना सांगणार.

विझलं म्हणजे पृथ्वीच्या सावलीत गेलं. स्टेशनला स्वतःचा दिवा नाही, आपल्याला दिसतं ते त्याच्यावर पडलेलं ऊन. आपल्याकडं सूर्य मावळून तासभर झालेला असतो खरं ४२० किलोमीटर वर अजून ऊन असतं. म्हणून ते संध्याकाळी नाहीतर पहाटेच दिसतं, मध्यरात्री डोक्यावरनं गेलं तरी दिसत नाही. शनिवारी ते पूर्वेकडं, म्हणजे रात्रीच्या बाजूला चाललेलं. मी गणित करून बघितलं, तुम्हाला पहिल्यांदा दिसलं तवा ते १४०० किलोमीटर लांब अरबी समुद्रावर होतं, आणि विझलं तवा यवतमाळच्या आसपास डोक्यावर. बेळगाव ते यवतमाळ दीड मिनिट. तांबूस झालं म्हणालात ना, तो तिथला सूर्यास्त, पृथ्वीच्या कडेच्या हवेतनं गाळून आलेला.

आणि एक, शनिवारी मी ४३७.८०० मेगाहर्ट्झवर स्टेशनचा रिपीटर (खालनं आलेलं बोलणं परत पाठवणारा रेडिओ) ऐकत होतो, रेकॉर्डिंग आहे. डॉप्लर माहिती असेल, गाडी हॉर्न वाजवत जवळ येते तवा आवाज बारीक आणि लांब जाताना जाड. रेडिओचंपण तसंच. येताना फ्रिक्वेन्सी दहा किलोहर्ट्झनं वर, जाताना दहानं खाली, आणि ज्या क्षणी ती बरोबर मधनं जाते तो क्षण सगळ्यात जवळचा. त्या क्षणाची माझ्याकडची वेळ ताज्या आकड्यांशी सेकंद दोन सेकंदात जुळते आणि तुमच्या कागदाच्या चार मिनिटं मागं आहे. म्हणजे घरी बसून, कुणाचे आकडे न घेता, मोजता येतं. १९५७ मध्ये पहिला स्पुटनिक सुटला तवा अमेरिकेत गायर आणि वाइफेनबाख या दोघांनी नुसत्या त्याच्या बीप बीपच्या डॉप्लरवरनं त्याची कक्षा काढलेली, आणि तेच उलटं वापरून पुढं उपग्रहावरनं जहाजाची जागा शोधायची पद्धत निघाली. ऐकायला फार खर्च नाही, रेडिओ पकडणारा एक यूएसबी डोंगल, लॅपटॉप आणि स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे पीव्हीसी पाइपला लावून केलेली अँटेना. बोलायचं असेल तर मात्र परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं.

खानापूर_लालमाती | बुधवार, सकाळी ८:००

परत अशी डोक्यावरनं जाणारी संध्याकाळ कधी? मी गाडी घेऊन राजहंसगडावर येतो.

रेडिओवाला_अनगोळ | बुधवार, रात्री ९:००

पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे, त्या फुगवट्याच्या ओढीनं स्टेशनच्या कक्षेचं अख्खं ताट रोज पाच अंश पश्चिमेला वळतं. सूर्य रोज एक अंश पूर्वेला सरकतो. मिळून सहा अंश, म्हणजे वेळ रोज साधारण २४ मिनिटं आधी, आणि ३६० भागिले ६ म्हणजे साठ दिवसांनी परत तसंच चक्र. म्हणजे नैऋत्येकडनं येणारी संध्याकाळ शिवरात्रीच्या आसपास परत. नेमकी वेळ मी आज सांगणार नाही, दोन दिवस आधी ताजे आकडे घेऊन सांगू.

निपाणीचा_वारा | बुधवार, रात्री ९:४०

मग एक काम करूया काय? तुम्ही बेळगावात, आम्ही निपाणीत, सरळ रेषेत अंतर ६२ किलोमीटर. एकाच वेळी दोन्हीकडनं मोबाइल स्टँडला लावून लांब एक्स्पोजरचा, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून, फोटो काढू. ताऱ्यांमधनं स्टेशनची रेघ दोघांना वेगळ्या जागी दिसणार. त्या फरकावरनं पोरांना स्वतः उंची काढता येईल. वेळ सेकंदावर जुळवायचीपण गरज नाही, कारण रेघ किती बाजूला सरकली तेवढंच मोजायचं. फक्त ६२ न घेता स्टेशनच्या वाटेला काटकोनात पडणारं अंतर घ्यायचं, ते ४७ किलोमीटर येतं. वायव्येकडनं येणाऱ्या वाटेला हे अंतर निम्म्याच्या आसपास होतं म्हणून नैऋत्येकडनंच येणारी पाहिजे.

माळमुरूम | बुधवार, रात्री ९:४४

करूया. पोरांना आत्ताच सांगतो.

माळमुरूम | शुक्रवार, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. शिवरात्र होऊन गेली, अमावास्याही झाली, आभाळ काळंभोर होतं.

यावेळी फळ्यावर कागद लावला तो पेन्सिलनं, आणि खाली लिहिलं "वेळ काल रात्री तपासली". गुरुवारी एकदा, आज सकाळी एकदा आणि घरनं निघायच्या आधी एकदा आकडे घेतले. तीन वेळात मिळून फरक एका सेकंदाच्या आत. खानापूरकर गाडी घेऊन आले, अनगोळकर मोजपट्टीची अँटेना घेऊन आले, ती पोरांनी हातात धरून फिरवली आणि डोंगलवर फ्रिक्वेन्सी सरकताना बघितली. रोहिणी बरोबर डोक्यावर होती. सांगितल्या मिनिटाला उगवलं. त्या दोन्ही आज्ज्या आल्या होत्या. एकीनं हात जोडले, दुसरी विचारूलाली होती की आत आत्ता माणसं आहेत काय, जेवली असतील काय. आहेत म्हटलं, २००० सालच्या नोव्हेंबरपासनं एक दिवस रिकामं नाही ते.

आमच्या फोटोत रेघ रोहिणीच्या शेजारनं गेलीय. निपाणीच्या सरांनी पाठवलेल्या फोटोत तीच रेघ आग्नेयेकडं सरकलेली. कृत्तिका ते रोहिणी १४ अंश, ही आमची पट्टी. प्रिंट काढून पोरांनी स्केलनं मोजलं, फरक निम्म्यापेक्षा जरासा कमी, साडेसहा अंश. मग ४७ भागिले साडेसहाचा टॅन, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सातवीच्या पोरीनं केलं, टॅन म्हणजे काय ते सरांनी फोनवर सांगितलं.

४१२ किलोमीटर आलं.

निपाणीचा_वारा | शुक्रवार, रात्री १०:२२

आमच्याकडं पोरांनी सहा अंश धरून ४४७ काढलं, परत मोजूलालेत. आकड्यांप्रमाणं त्या वेळची उंची ४२० च्या जवळ होती. ४७ किलोमीटरची पट्टी आणि दोन मोबाइल, यावर हे उत्तर आलंय. त्या सातवीच्या पोरीला मला भेटायचंय, पुढच्या रविवारी येतो.

शहापूरची_सून | शुक्रवार, रात्री १०:५०

सासरे गच्चीवर होते, शेजारच्यांनी खुर्ची वर नेऊन दिली. पूर्ण बघितलं. विझेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले पुढच्या वेळेची वेळ लिहून घे, खरं दोन दिवस आधीच.